घरातला गोंगाट आणि कल्याणची आनंदी

घरी बसून अभ्यास किंवा काम करताना मन लागत नाही, ही तक्रार आपल्या पिढीचीच आहे असं आपल्याला वाटतं. पण दीडशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या कल्याणात नऊ वर्षांची एक मुलगी याच प्रश्नाशी झगडत होती. तिच्याकडे वायफाय नव्हतं आणि हेडफोनही नव्हते. अभ्यास करायचा हक्क आहे हे मान्य करणारी माणसंसुद्धा घरात नव्हती.

शहाड स्टेशनजवळच्या कुठल्याही बिल्डिंगमध्ये सकाळी साडेनऊला लॅपटॉप उघडून बसून बघा. पहिल्या पाच मिनिटांत टिटवाळा नाहीतर आसनगाव लोकल जाते. ती गेली की नाशिककडची एखादी मेल खिडकीच्या काचा हलवत जाते. तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी होते, वरच्या मजल्यावर ड्रिल मशीन सुरू होतं आणि दारावर कुरियरवाला येतो. आजीची कालची मालिका आज पुन्हा लागलेली असते. या सगळ्यातून मार्ग काढत आपण एक पॅरेग्राफ लिहावा, तर स्वयंपाकघरातून हाक येते. घरीच आहेस तर जरा दुधाकडे बघ.

घरीच आहेस तर. या तीन शब्दांनी आपले जितके तास खाल्ले, तितके इन्स्टानंही खाल्ले नसतील. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आपल्यापैकी बहुतेकांनी शाळा-कॉलेजची वर्षं अशीच काढली. आता कुणाची इंटर्नशिप घरून असते, कुणाचा प्रोजेक्ट, कुणाची स्पर्धा परीक्षेची तयारी. काम बदललं, पण वन रूम किचन तेवढंच राहिलं.

यावर उपाय सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, असं ते सांगतात. दुसरी खोलीच नसेल तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. म्हणून म्हटलं, व्हिडिओ बाजूला ठेवू आणि एका माणसाची गोष्ट बघू. शहाडहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये चढलात की पुढचंच स्टेशन कल्याण. तिथेच या मुलीचं बालपण गेलं. तिचं नाव यमुना. जग तिला डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतं.

वाड्यातली यमुना

यमुनाचा जन्म 31 मार्च 1865 चा. त्याच्या अकरा वर्षं आधी, 1854 मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत पोचली होती. म्हणजे स्टेशन होतं, गाडीचा धूर होता, पोस्ट ऑफिस होतं. घरातलं जग मात्र जुनंच होतं. वडील गणपतराव जोशी एकेकाळच्या सधन घराण्यातले, पण ते दिवस मागे पडलेले. घर माणसांनी भरलेलं. आईचा धाक मोठा. मुलीनं पाणी भरावं, भाजी निवडावी, सणवार शिकून घ्यावेत आणि वेळेवर लग्न करून जावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा.

1874 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात कारकून, बिजवर आणि तिच्याहून कितीतरी मोठे. लग्नाआधी त्यांनी एक अट घातली होती. हुंडा, मानपान, सोनं यांतलं काहीच त्यांना नको होतं. बायकोला शिकवू द्यायचं, एवढीच ती अट. सासरकडून आलेली अशी अट त्या काळात ऐकणाऱ्याला चेष्टाच वाटली असेल. गोपाळराव मात्र त्याबाबत अगदी गंभीर होते. लग्नानंतर यमुनाची आनंदी झाली आणि तिच्या हातात पुस्तक आलं.

आता घरातलं चित्र डोळ्यांसमोर आणा. नवरा म्हणतो, वाच. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, आधी काम आटप. शिकलेल्या बाईच्या नशिबी वैधव्य येतं, असं त्या काळी सर्रास मानलं जायचं. म्हणजे आनंदीनं पुस्तक उघडलं की ती नुसतं काम टाळत नव्हती, तर लोकांच्या मते घरावर संकट ओढवून घेत होती. आपल्याला लोक फार तर फोनमध्ये डोकं घालून बसते म्हणून ओरडतात. तिच्या बाबतीत अभ्यास करणं हाच दोष होता.

कल्याणात माहेरच्या माणसांत हे जमणार नाही, हे गोपाळरावांच्या लक्षात आलं. त्यांनी बदली घेतली आणि बिऱ्हाड अलिबागला हलवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर लक्ष विचलित करणारी सगळी नोटिफिकेशन्स त्यांनी एकाच झटक्यात बंद केली. पण फोन बंद केला तरी मनातली खुडबुड थांबत नाही, तसं घर बदललं तरी चूल सुटत नाही. चूल होतीच. आणि दहा-अकरा वर्षांच्या पोरीला पुस्तकापेक्षा आजीच्या मागेमागे स्वयंपाकघरात वावरणं जास्त आवडणं, हेही तितकंच साहजिक होतं.

स्वयंपाक केला म्हणून मार

आनंदीच्या चरित्रांमध्ये एक प्रसंग हमखास येतो. एके दिवशी गोपाळराव घरी आले तेव्हा ती अभ्यास सोडून आजीला स्वयंपाकात मदत करताना दिसली. ते इतके संतापले की त्यांनी तिला काठीनं मारलं. शेजारीपाजारी चक्रावले. स्वयंपाक केला नाही म्हणून बायकोला मारणारे नवरे त्यांनी पाहिले होते. स्वयंपाक केला म्हणून मारणारा हा पहिलाच.

हा किस्सा पुष्कळदा हसत हसत सांगितला जातो. केवढी ती तळमळ, असं म्हणून माणसं पुढे जातात. मीसुद्धा तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसले होते. नंतर पुन्हा वाचताना त्या मुलीचं वय आठवलं. आपल्याकडे पाचवीत असते, तेवढी ती होती.

इथे थांबून एक गोष्ट नीट बघायला हवी. गोपाळरावांनी तिच्यासाठी जे केलं, ते त्या काळात जवळपास कुणीच करत नव्हतं. बायकोचा अभ्यास हे काम आहे आणि घरातल्या बाकी कामांपेक्षा ते मोठं आहे, हे त्यांनी ठासून मांडलं. घराबाहेर टीका सोसली, बदल्या घेतल्या, स्वतः शिकवत बसले. पण तो अभ्यास अजून आनंदीचा झालेला नव्हता. घरच्यांना ती चुलीपाशी हवी होती, नवऱ्याला पुस्तकापाशी. तिला स्वतःला कुठे बसायचं आहे, हे कुणीच विचारलं नव्हतं. धाकानं पुस्तकासमोर बसवता येतं, पण त्या धाकानं मन लागतंच असं नाही. ज्यांनी कुणाच्या तरी दबावाखाली सायन्सची दोन वर्षं काढली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

दहा दिवसांचं बाळ

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वेळेवर योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही.

त्या काळात बाळंतपणात किंवा त्यानंतर बायका आणि बाळं दगावणं इतकं नेहमीचं होतं की लोक नशिबाला बोल लावून पुढे जात. डॉक्टर होते, पण पुरुष. त्यांच्यासमोर तपासायला बसणं बायकांना शक्यच वाटायचं नाही. दुखणं अंगावर काढायचं आणि सुईणीच्या भरवशावर राहायचं, हीच पद्धत. आनंदीनं आपलं दुःख नशिबाच्या खात्यावर टाकलं नाही. बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, ती आपल्याकडे नाही, मग आपणच व्हायचं, असं तिच्या मनानं घेतलं.

माझ्या मते तिच्या आयुष्यातलं खरं वळण हे आहे. आतापर्यंत अभ्यास नवऱ्याच्या हट्टाचा होता, आता त्यामागे तिचं स्वतःचं कारण आलं. घर तसंच होतं, कामं तीच होती, टोमणे तेच होते. बदललं होतं ते पुस्तकाकडे बघणं. घरात काहीतरी आवाज झाला की उठून बघायला आपण कधी आनंदानं जातो? समोरचं काम आपलं नसतं तेव्हा. काम आपलं असलं की कुकरची शिट्टी ऐकू येते, पण ती मोजायची राहून जाते.

बाहेरचा गोंगाट

घरात शिकून एका मर्यादेपर्यंतच जाता येतं. पुढे शाळेत जायला लागली तेव्हा रस्ताच तिची परीक्षा घेऊ लागला. लोक जमून हसायचे, ओसरीवर बसलेली प्रतिष्ठित माणसं वाट्टेल ते बोलायची, खडे मारायची. हे सगळं तिनं स्वतःच पुढे एका जाहीर भाषणात सांगितलं आहे. आज ट्रोलिंग म्हणतो, ते तेव्हा भर रस्त्यात आणि तोंडावर व्हायचं.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मग थेट कलकत्ता. दर वेळी नवं गाव, नवं बिऱ्हाड. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मिळावी म्हणून अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. वाइल्डर यांनी धर्मांतर सुचवलं, ते काही या दोघांना मान्य नव्हतं. हा पत्रव्यवहार मिशनरींच्या एका नियतकालिकात छापून आला आणि गोष्ट तिथेच संपल्यासारखी झाली.

पण संपली नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडिसिया कारपेंटर एकदा दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेला अंक त्यांनी चाळला, त्यात हे पत्र वाचलं आणि या अनोळखी मुलीला मदत करायचं ठरवून टाकलं. दोघींची पत्रं सुरू झाली. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. पत्र पोचायला महिना-दीड महिना, उत्तर यायला पुन्हा तितकाच वेळ. तरीही आनंदीला तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच असं कुणीतरी भेटलं होतं, जे तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेत होतं. न ओरडता, न घाई करता.

कलकत्त्यात तिची तब्येत बिघडली. सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी धाप लागायची. मावशींनी अमेरिकेहून औषधं पाठवली. त्याच काळात तिनं इंग्रजी आणि संस्कृत पक्कं केलं. शांत घर, चांगली तब्येत आणि मोकळा वेळ हे तिन्ही एकत्र मिळाल्यावर अभ्यास करू, असं तिनं ठरवलं असतं तर ती कलकत्त्यातच राहिली असती.

सेरामपूरचं भाषण

गोपाळरावांची बदली कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला झाली. त्यांना स्वतःला अमेरिकेला जायला जमणार नव्हतं, म्हणून आनंदीनं एकटीनं जायचं असं ठरलं. परदेशी एकटी निघालेली विवाहित हिंदू मुलगी, म्हटल्यावर गहजब झाला. लोकांच्या प्रश्नांना घरात बसून उत्तरं देण्यापेक्षा आनंदीनं फेब्रुवारी 1883 मध्ये सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात जाहीर भाषण केलं, तेही इंग्रजीत. मी का जाते, इथेच का शिकत नाही, एकटी का जाते, परत आल्यावर वाळीत टाकलं तर काय, अशा एकेका शंकेचा तिनं समाचार घेतला. भारतात बाई डॉक्टरांची गरज आहे आणि आपण हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, हे तिनं स्पष्ट केलं. तेव्हा तिला अठरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

एप्रिल 1883 मध्ये ती कलकत्त्याहून जहाजानं निघाली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचली. मावशी तिला रोसेलच्या घरी घेऊन गेल्या. नऊ वर्षांची असल्यापासून आनंदी कुणाच्या ना कुणाच्या नजरेखाली अभ्यास करत आली होती. या घरात तिच्या पुस्तकांवर पाळत ठेवणारं कुणी नव्हतं आणि पुस्तक उघडलं म्हणून कपाळाला आठ्या घालणारंही कुणी नव्हतं.

त्याच वर्षी तिनं फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात प्रवेश घेतला. डीन रेचल बॉडली यांनी तिला सांभाळून घेतलं. परकी भाषा, कडाक्याची थंडी, अंगाला न मानवणारी हवा. तिनं शाकाहार सोडला नाही आणि साडीही सोडली नाही. वर शरीरशास्त्रापासून प्रसूतिशास्त्रापर्यंत सगळं तीन वर्षांत. जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली याही त्याच कॉलेजात शिकत होत्या. आपापल्या देशांच्या पोशाखातला या तिघींचा 1885 मधला फोटो आजही नेटवर फिरत असतो. तुम्हीही तो नक्की पाहिला असेल.

पत्रातून आलेला त्रास

आता वाटेल, शांत जागा मिळाली, प्रश्न सुटला. तसं झालं नाही. तिच्या घराचा आवाज सात समुद्र ओलांडून पत्रांतून येत राहिला. गोपाळरावांची पत्रं पुष्कळदा संशयानं आणि रागानं भरलेली असत. ज्या माणसानं तिला शिकायला पाठवलं, तोच ती बदलली म्हणून तिला टोचू लागला. परीक्षा डोक्यावर असताना घरून असा फोन आला तर आपला संपूर्ण दिवस जातो. तिला तर असं पत्र दिवसेंदिवस जवळ ठेवावं लागत असणार.

तिनं एकदा त्याला उत्तर दिलं. ते पत्र वाचताना अंगावर काटा येतो. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकून मारलीत, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी दिलीत, असा हिशेबच तिनं त्यात मांडला आहे. तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट, हे ठरवणं कठीण आहे, असंही तिनं लिहिलं. हेतूकडे पाहिलं तर ते बरोबर वाटतं, पण एका लहान मुलीच्या मनावर त्याचा काय परिणाम झाला असेल याचा विचार केला तर ते चूकच, असा तिचा निवाडा आहे. हिंदू स्त्रीला नवऱ्यापुढे बोलण्याचा अधिकार नसतो, गप्प राहून सोसण्याचाच असतो, हेही तिनं त्यात सुनावलं. नवऱ्याचे उपकार ती विसरली नाही, पण त्या उपकारांखाली मारही लपवला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या, विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलीकडून इतका सरळ हिशेब!

11 मार्च 1886 रोजी तिला पदवी मिळाली. तिचा प्रबंध आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर होता. समारंभाला गोपाळराव अमेरिकेत आले होते आणि पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी अमेरिकेतून मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. राणी व्हिक्टोरियाकडूनही अभिनंदनाचा संदेश आला.

कोल्हापूर संस्थानानं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी तिला देऊ केली होती. 1886 च्या अखेरीस ती परत आली ती क्षयानं पोखरलेल्या शरीरानं. हॉस्पिटलमध्ये रुजू होणं झालंच नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात ती गेली. बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिना बाकी होता. तिच्या अस्थी मावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आल्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे, ठेवल्या गेल्या. कल्याणच्या वाड्यातल्या मुलीची शेवटची जागा मावशीच्या माणसांत आहे.

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आणि 2019 चा त्याच नावाचा सिनेमा यांमुळे ही गोष्ट आपल्याला माहीत झाली. कादंबरी आणि सिनेमा पाहताना गोपाळरावांचा हट्ट लक्षात राहतो. तिच्या पत्रांकडे गेलं की आनंदी लक्षात राहते. डॉ. अंजली कीर्तने यांनी पुष्कळ संशोधन करून लिहिलेलं तिचं चरित्र कॉलेजच्या लायब्ररीत मिळालं तर नक्की वाचा.

शांतता कुणी दिली?

आनंदीची गोष्ट एकटीची नाही. तिच्याच काळात पुण्यात रमाबाई रानडे घरातल्या बायकांचे टोमणे सोसत शिकत होत्या. न्यायमूर्ती रानडे त्यांना रात्री शिकवायचे आणि दिवसा त्याची किंमत रमाबाई मोजायच्या. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळं कुटुंब राहत असताना शाळकरी भीमराव आंबेडकर लवकर झोपायचे. वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहून मग त्यांना अभ्यासाला उठवायचे. खोली एकच होती, पण बापानं स्वतःची झोप देऊन त्यात मुलासाठी जागा तयार केली.

ही घरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की लक्षात येतं, फोकस ही एकट्याच्या मनाची करामत नाही. घरात कुणाचं काम काम मानलं जातं, यावर ते बरंचसं अवलंबून असतं. कल्याणच्या घरात आनंदीचा अभ्यास कुणी काम मानलाच नाही. गोपाळरावांनी तो काम मानला, पण स्वतःचं मानला, म्हणून त्यात काठी आली. मावशींच्या घरात तो पहिल्यांदा आनंदीचा झाला.

आपल्या घरात हे आजही चालतं, फक्त काठी नाही. दादाच्या कॉलच्या वेळी सगळे कुजबुजत बोलतात आणि ताईचा कॉल चालू असताना तिलाच दार उघडायला सांगतात. असं तुमच्या घरी होत नसेल तर छान. माझ्या ओळखीतल्या चार घरांपैकी तीन घरांत होतं. आणि आपण सगळे जी शांतता मागतो, तीही कुणीतरी आपलं काम थांबवूनच आपल्याला देत असतं. आई पोळ्या लाटताना रेडिओ बंद करते, आजी मालिकेचा आवाज शून्यावर नेते, बाबा नाइट शिफ्टहून येऊन स्वयंपाकघरात झोपतात. रामजींसारखं ते कुणी कुठे लिहून ठेवत नाही, एवढंच.

मग करायचं काय? हेडफोन घ्या, टाइमर लावा, फोन कपाटात टाका, हे चालूच राहू द्या. पण त्याआधी आनंदीकडून एक गोष्ट शिकता येईल. आपल्याला हे काम का करायचं आहे, हे तिनं सेरामपूरच्या भर सभेत, विरोध करणाऱ्या लोकांसमोर मोठ्यानं सांगितलं. आपल्याला तर फक्त आपल्या घरातल्या चार माणसांना सांगायचं आहे. सकाळी अकरा ते एक मी कशावर काम करते, ते का महत्त्वाचं आहे आणि एकनंतर मी कुठलं काम अंगावर घेते. घरचे बहुतेक वेळा वाईट नसतात, त्यांना नुसती माहिती नसते. स्क्रीनसमोर बसलेला माणूस सबमिशन करतोय की रील बघतोय, हे बाहेरून सारखंच दिसतं.

आणि हे सांगून झालं की उलटाही प्रश्न विचारा. आईला, आजीला, धाकट्या भावाला. तुला दिवसातून कुठल्या तासाला कुणी हाक मारू नये असं वाटतं? शहाडच्या एका खोलीत लोकल थांबवता येणार नाही. पण घरातल्या प्रत्येकासाठी एक तास राखून ठेवता येईल. आजच जेवताना हा विषय काढून बघा. दुधाकडे कोण बघणार, तेही तेव्हाच ठरवून टाका.